सुटीची बांधाबांध आणि मुलांचे हात

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एडवण येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संघाच्या कार्यकारी मंडळाने आज आम्हांस येथे दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. शिक्षणाचा प्रसार, विवाहकार्यातील खर्च, तरुणांचे उद्योगधंदे हे विषय या व्यासपीठावरून अधिकारी व्यक्तींनी वेळोवेळी मांडलेले आहेत. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले एक साधे सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. आमचे सारे आयुष्य आठ-दहा वर्षांच्या मुलांत गेले. म्हणून त्या वयाच्या मुलांना आणि त्यांच्या मातापित्यांना उपयोगी पडेल असा एक घरगुती विषय आम्ही निवडला आहे. मे महिन्याच्या सुटीत मुलांना घेऊन गावास अथवा प्रवासास निघताना सामानाची जी बांधाबांध करावी लागते, तिच्याविषयी आम्ही बोलणार आहोत.

हा विषय ऐकून काही मंडळींच्या मुखावर स्मित उमटलेले आम्हांस येथून दिसत आहे. सामान बांधणे हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे त्यांस वाटत असावे. परंतु ज्या माताभगिनी समोर बसल्या आहेत त्यांपैकी कोणीही हसलेली नाही, हेही आम्ही पाहिले आहे. कारण हे काम कोण करते, ते त्यांस ठाऊक आहे.

प्रथम पूर्वीची रीत थोडक्यात सांगतो. मुंबईहून उत्तरेस जाणारी ही रेल्वे १८६० नंतरच्या दशकात झाली, आणि १८६७ साली विरारहून मुंबईस रोज जाणारी गाडीही सुरू झाली. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरील कुटुंबे चाकरीसाठी मुंबईस राहू लागली, तरी त्यांचे गावाशी येणे-जाणे तुटले नाही. आमच्या लहानपणी, म्हणजे १९६० ते १९७० च्या सुमारास, मे महिना लागला की मुंबईकर नातलग सफाळ्यास उतरत आणि एस. टी.ने एडवणास येत. त्यांच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, दोन-तीन कापडी पिशव्या आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या असे. घरटी चार-पाच मुले असत. तेवढ्या मुलांना सांभाळून सर्व ओझे दोन माणसांनी उचलणे अशक्य असल्यामुळे प्रत्येक मुलाच्या हाती काही ना काही येईच. थोरला वळकटीचे एक टोक धरी, मधली बहीण धाकट्याचा हात आणि पिशवी सांभाळी, आणि धाकट्याकडे तो तांब्या असे. तांब्याची फिरकी घट्ट बसली आहे की नाही, हे तो पाच वर्षांचा मुलगा पुनःपुन्हा पाही. त्या तांब्यातील पाणी साऱ्या कुटुंबाचे आहे, हे त्याला कोणी शिकविलेले नव्हते.

या रीतीची थोरवी गाण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळची गर्दी, उन्हाने तापलेले डबे, हातात रुतणारे ट्रंकेचे कडे, हे सर्व आम्हांस आठवते, आणि ते पुन्हा यावे असे कोणीही म्हणणार नाही. १६ एप्रिल २०१३ रोजी उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली आणि आपल्या पट्ट्यातील प्रवास पुष्कळ सोपा झाला. पिशव्यांना चाके आली. ही सारी सुखे स्वागतार्हच आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, पूर्वी अडचणीपोटी का होईना, मुलांचे हात प्रवासाच्या कामाला लागत. आता ती अडचण दूर झाली आणि तिच्याबरोबर मुलांचे हातही रिकामे झाले. ते पुन्हा कामाला लावावयाचे तर ते आता समजून-उमजूनच लावावे लागतील.

आज काय घडते ते पाहा. निघण्याच्या आदल्या रात्री घरातील गृहिणी सर्वांची जेवणे उरकून, भांडी आवरून, अकराच्या पुढे कपाट उघडते. यजमानांचे कपडे, सासूबाईंच्या गोळ्या, मुलांचे कपडे, वाटेतील खाणे, चार्जर, टॉवेल, साबण, सारे तिच्या एकटीच्या स्मरणावर चाललेले असते. पहाटे चार वाजता उठून तीच डबा करते. मुले झोपेतून उठतात ती थेट गाडीत बसण्यासाठी. पुरुषमंडळी घड्याळ पाहून ‘झाले की नाही अजून?’ असे विचारण्याचे तेवढे कर्तव्य पार पाडतात. मग मुक्कामी पोहोचल्यावर एखादी वस्तू सापडली नाही की सर्वांच्या नजरा एकाच व्यक्तीकडे वळतात. ज्या सुटीत सर्वांना विसावा मिळावयाचा, तिची सुरुवात एका जिवाच्या जागरणाने व्हावी आणि शेवटी दोषही तिच्याच माथी यावा, हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

मुलांचे यात काय नुकसान होते, तेही सांगतो. शाळेत असताना आम्ही एके वर्षी चौथीच्या मुलांना, ‘सुटीत परगावी जाताना मी काय काय बरोबर नेईन’ या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या. एका हुशार मुलाने एकच ओळ लिहून वही आमच्यापुढे ठेवली. ‘आई जे भरील ते नेईन.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मुलगा आळशी नव्हता आणि खोडकरही नव्हता. त्याला तो प्रश्नच कधी पडलेला नव्हता. कोठे जावयाचे, तेथे ऊन असेल की थंडी, किती दिवस राहावयाचे, तेथे कोण भेटणार आणि त्यांच्यासाठी काय न्यावे, यांपैकी कशाचाही विचार करण्याचा प्रसंग त्याच्यावर आलेला नव्हता.

त्याच वर्गात एक आदिवासी मुलगी होती. आपल्या जिल्ह्याच्या डोंगरपट्टीतून, जव्हार-मोखाड्याकडून, अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात, हे आपणांस ठाऊक आहेच. तिच्या घरचेही पूर्वी तसेच जात असत. तिने दहाच्या जागी चौदा ओळी लिहिल्या. तांदूळ किती, मीठमिरची कशात, तवा कशात गुंडाळावयाचा, कोंबड्या कोणाकडे ठेवावयाच्या, धाकट्या भावाला कोणी घ्यावयाचे, हे सर्व तिने क्रमवार लिहिले होते. तिला ती जाणीव दारिद्र्याने दिली होती, आणि त्या जाण्यापायी तिची शाळाही बुडाली होती. तेव्हा तिची स्थिती हेवा करावी अशी नव्हती. ते जाणे सुटीचे नव्हतेच. परंतु त्या दोन वह्या शेजारी ठेवल्या असता आमच्या मनात आले की, नऊ वर्षांच्या मुलाची बुद्धी एवढा विचार करू शकते. आपण सुस्थितीतील मंडळी आपल्या मुलांकडून तो कधी मागतच नाही.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, सामानाचे दोन भाग करावेत. जे चुकले तर मुलाच्या जिवास किंवा प्रवासास धोका पोहोचेल, ते मोठ्यांनी भरावे. जे चुकले तर केवळ गैरसोय होईल, ते मुलांनी भरावे. औषधे, तिकिटे, ओळखपत्रे, पैसे, पाणी, तान्ह्या मुलाचे सारे सामान हा पहिला भाग. मुलाचे स्वतःचे कपडे, पंचा, दात घासण्याचा ब्रश, टोपी, वाचावयाचे पुस्तक, खेळणे हा दुसरा भाग. या दुसऱ्या भागात मातेने हात घालू नये. पाहावे, विचारावे, परंतु आपण उठून भरू नये.

आता मुलाच्या पाठीवर किती ओझे द्यावे, याचेही प्रमाण आहे. १९८९ साली सुप्रसिद्ध लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेतील आपल्या भाषणात मुलांच्या दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न मांडला. त्यानंतर प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ साली ओझ्याविना शिक्षण या विषयावर आपला अहवाल दिला. पुढे केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात असे ठरले की, दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये. दप्तराला जो नियम, तोच प्रवासाच्या पिशवीला लावण्यास काही हरकत नाही. मुलाचे वजन २० किलो असेल तर पिशवीसह २ किलो, ३० किलो असेल तर ३ किलो. घरी वजनकाटा असतोच. पिशवी पाठीवर घेऊन एकदा काट्यावर उभे राहावे व पिशवी उतरवून पुन्हा उभे राहावे, म्हणजे वजाबाकीही होते.

रेल्वेचा नियमही आमच्या बाजूने आहे. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशास ३५ किलो आणि शयनयानाच्या प्रवाशास ४० किलोपर्यंतचे सामान विनाशुल्क नेता येते, आणि ५ ते १२ वर्षांच्या आतील मुलास याच्या निम्मे. हे सारे त्याच्या पाठीवर लादावे असा अर्थ कोणी घेऊ नये. परंतु ज्या मुलाच्या नावे रेल्वेने सामानाचा निराळा हिस्सा मान्य केला, त्याच्या नावाची घरात एक निराळी पिशवीही नसावी, हे काही ठीक नव्हे.

प्रत्यक्ष काम कसे करावे, ते सांगतो. निघण्यापूर्वी चार-पाच दिवस आधी प्रारंभ करावा. तहान लागल्यावर विहीर खणावयास घेतली की ती खणण्याचे काम आईकडेच जाते. एक जुनी चादर जमिनीवर पसरावी आणि मुलाने आपणास हवे ते सर्व त्या चादरीवर आणून मांडावे. पहिल्या दिवशी तेथे बॅट येईल, रंगपेटी येईल, शिंपल्यांचा डबा येईल, आणि सदरा एकही येणार नाही. हसू नये. दुसऱ्या दिवशी तीन प्रश्न विचारावेत. किती दिवस जावयाचे? तेथे हवा कशी? तेथे कपडे धुता येतील काय? या तीन प्रश्नांनी निम्मे काम होते. धुण्याची सोय असेल तेथे तीन जोड पुरतात. एक अंगावर, एक दोरीवर आणि एक पिशवीत. थंड प्रदेशात जावयाचे तर एकाच जाड कपड्यापेक्षा एकावर एक घालण्याजोगे दोन पातळ कपडे अधिक ऊब देतात, कारण त्यांच्यामध्ये हवेचा थर राहतो. हे विज्ञान चौथीच्या मुलास सहज कळते, आणि पुस्तकातल्यापेक्षा या वेळी अधिक कळते.

तिसऱ्या दिवशी चादरीवरील वस्तूंपैकी तो आपण होऊन काय कमी करतो, ते पाहावे. आमच्या अनुभवाप्रमाणे मुलाला वस्तू निवडणे सोपे जाते, वगळणे कठीण जाते. बॅट न्यावी की रंगपेटी, हा निर्णय त्याने घ्यावा, आणि तो घेतल्यावर आपण तो फिरवू नये. मग पिशवी भरावी. जड वस्तू पाठीच्या बाजूस, लवकर लागणाऱ्या वरती, ओले कपडे येतील म्हणून एक रिकामी पिशवी आत. भरलेली पिशवी पाठीवर घेऊन त्याने एकदा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यावे. परत येताना पिशवी दुसऱ्याच्या हाती देण्याची पाळी आली, तर काय काढावे ते त्याला आपोआप समजते.

वय पाहून काम द्यावे. तीन-चार वर्षांच्या मुलाने केवळ एक खेळणे निवडावे आणि ते सांभाळावे. सहा-सात वर्षांच्या मुलाने मोठ्यांनी वाचून दाखविलेल्या यादीप्रमाणे वस्तू आणाव्यात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने यादी स्वतः करावी. बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडे घरातील एका सामाईक गोष्टीची जबाबदारी द्यावी. पाण्याच्या सर्व बाटल्या म्हणा, अथवा उतरताना नग मोजणे म्हणा. हे सर्व मुलगा व मुलगी यांस सारखेच लागू आहे. बहिणीने भावाची पिशवी भरावी, ही रीत आपल्या काही घरांत अजून दिसते. ती मोडावी, अशी आमची स्पष्ट विनंती आहे.

यावर एक भगिनी आम्हांस म्हणाल्या, ‘गुरुजी, मुलांनी भरले तर काहीतरी विसरणारच. मग तेथे गेल्यावर रडारड कोणी ऐकावी?’ प्रश्न रास्त आहे. विसरणारच. पण म्हणूनच दोन भाग करावयाचे. मुलाच्या भागातील वस्तू विसरली तर कोणाच्याही जिवास अपाय नाही. टोपी विसरली तर डोक्यास पंचा गुंडाळावा, ब्रश विसरला तर दोन दिवस बोटाने दात घासावेत. लगेच धावत जाऊन नवी वस्तू विकत आणू नये, आणि ‘मी सांगत होते ना’ असेही म्हणू नये. या दोन गोष्टी पाळल्या तर पुढच्या वर्षी टोपी यादीत पहिली येते. पाळल्या नाहीत तर ती वस्तू सांभाळण्याचे काम पुन्हा आईकडे येते.

आता मोठ्यांच्या भागाकडे वळू. हा भाग पतिपत्नींनी मिळून भरावा आणि यादी कागदावर लिहावी, एकाच्या डोक्यात ठेवू नये. त्यातील तीन-चार गोष्टींचाच उल्लेख करतो.

पहिली गोष्ट औषधांची. मूल नेहमी जे औषध घेते ते मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातील पिशवीत असावे. जे औषध मोठ्या पेटीत तळाशी गेले ते वेळेस उपयोगी पडत नाही. तापाच्या औषधाची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, म्हणून ती आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. आणि जलसंजीवनीची, म्हणजे ओ. आर. एस.ची, चार पाकिटे अवश्य असावीत. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने माणसे पटापट दगावत असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि पाण्याच्या या साध्या मिश्रणाने असंख्य प्राण वाचविले. तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या घरातून शेकडा चारच्याही खाली आले. २०२३ साली त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. एवढे मोलाचे औषध काही ग्रॅम वजनाचे आहे. एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच कालवावे, अर्धे पाकीट अर्ध्या पेल्यात असे अंदाजाने करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. मूल मलूल झाले, पाणी पोटात ठरेना, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. गर्दीच्या स्थानकावर मुलाचा हात सुटण्यास क्षणही पुरतो. मुलाच्या खिशात पालकांचे दोन दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. पिशवीवर बाहेरून मुलाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहू नये, कारण परक्या माणसाने नावाने हाक मारली की लहान मुलास तो ओळखीचा वाटतो. मुलांच्या साहाय्यासाठी असलेला १०९८ हा क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्यावा. ही सेवा १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली. रेल्वेच्या प्रवासात १३९ या क्रमांकावर साहाय्य मिळते. हे दोन आकडे मुलाच्या सामानातील सर्वांत हलक्या वस्तू होत.

तिसरी गोष्ट कपड्यांच्या वाटपाची. एका माणसाचे सर्व कपडे एकाच पेटीत घालू नयेत. प्रत्येकाचा एक जोड दुसऱ्या पेटीत असला म्हणजे एखादा नग हरवला अथवा भिजला तरी कोणी उघडे पडत नाही. आणि लहान मुलाचा एक जोड नेहमी हातापाशी असावा. हे ज्यांना मुले आहेत त्यांस अधिक फोड करून सांगावयास नको.

सज्जनहो, येथवर जे सांगितले ते काश्मीरला जाणाऱ्यांसही लागू आहे आणि केरळला जाणाऱ्यांसही. परंतु या व्यासपीठावर आम्ही उभे आहोत ते एडवण गावात, आणि समोर बसलेल्या कुटुंबांपैकी पुष्कळ आज मुंबईस, वसई-विरारकडे, बोईसरला राहतात. त्यांची मुले सुटीत येथे येतात, अथवा येत असत. त्यांच्या सामानाविषयी स्वतंत्र चार शब्द बोलतो.

या मुलांच्या पिशवीत उंची कपडे नसावेत. वाडीत मातीने भरणारे, समुद्रावर भिजणारे, केळीच्या चिकाचे डाग पडले तरी कोणास वाईट वाटणार नाही असे जुने सुती कपडे असावेत. ज्या मुलाला ‘कपडे खराब करू नकोस’ असे घटकेघटकेला ऐकावे लागते, त्याला गाव आवडेल कसे? पायांत घट्ट बसणाऱ्या चपला असाव्यात, आणि एक विजेरी असावी. खाऊची पाकिटे मात्र आणू नयेत. येथे ताडगोळे आहेत, आंबे आहेत, करवंदे आहेत, आणि त्या पाकिटांचे कागद शेवटी आपल्याच किनाऱ्यावर पडतात.

समुद्रावर जाण्यासाठी आणखी एक वस्तू लागते, जी पिशवीत न भरता डोक्यात भरावी लागते. ती म्हणजे भरतीचे गणित. आपले वडीलधारे तिथीला पाऊणने गुणीत आणि भरतीची वेळ सांगत. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा, एकादशीस सव्वाआठ, पौर्णिमेस सव्वाअकरा. शुद्ध पक्षातही तेच आणि वद्य पक्षातही तेच. भरती दिवसातून दोनदा येते, आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हे अंदाजाचे गणित आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी गावच्या जाणत्या माणसास विचारणे आणि मोठ्यांना बरोबर नेणे हे आवश्यकच आहे. परंतु मुंबईहून निघताना मुलाने दिनदर्शिकेत तिथी पाहावी, गुणाकार करावा, आणि ‘आपण पोहोचू तेव्हा पाणी चढते असेल की उतरते?’ याचे उत्तर वहीत लिहावे. येथे येऊन ते पडताळून पाहावे. पाऊणकीचा पाढा आता शाळेतून गेला. तो अशा रीतीने घरात परत आला तर आम्हां जुन्या शिक्षकांस समाधान होईल.

आणि मुलाने आजी-आजोबांसाठी स्वतःच्या विचाराने एक तरी वस्तू पिशवीत घालावी. ती विकतची असण्याचे कारण नाही. स्वतः काढलेले चित्र, शाळेच्या वहीतील निबंध, आजोबांच्या चष्म्यास पुसावयाचे एक मऊ फडके, काहीही चालेल. ‘आजीला काय लागत असेल?’ हा प्रश्न मुलाच्या मनात मुंबईच्या घरी, सामान बांधताना उठला पाहिजे. ज्या घरी जावयाचे तेथील माणसांचा विचार निघण्यापूर्वी ज्याने केला, तो तेथे पाहुण्यासारखा वागत नाही.

आम्ही हे का म्हणतो? आपल्या गावांतील काही घरांना आता वर्षाचे अकरा महिने कुलूप असते. काही घरांत दोन वृद्ध माणसे तेवढी राहतात. मुलांना शहरात पाठविले ते आपणच, त्यांच्या भल्यासाठी पाठविले, आणि त्यांचे भले झाले याचा आम्हांस आनंद आहे. परंतु त्यांची मुले येथे चार दिवस येतात ती आईने भरलेल्या पेटीबरोबर येतात आणि तिच्याबरोबरच परत जातात. या घराशी त्यांचा जो संबंध आहे तो त्यांच्या आईवडिलांच्या हातून आलेला आहे. आईवडील थकले की तो संबंध कोणाच्या हाती राहणार? मोठमोठे ठराव करून हा प्रश्न सुटेल असे आम्हांस वाटत नाही. मुलाने स्वतःच्या हाताने पिशवी भरून, तिथी पाहून, आजीसाठी काही घेऊन यावे, आणि जाताना त्याच पिशवीत येथले काही न्यावे, एवढ्याने सुटेल असेही आम्ही म्हणत नाही. पण सुरुवात तेथून करता येईल, आणि ती प्रत्येक घराला उद्यापासून करता येण्याजोगी आहे.

परतीच्या सामानासाठी पिशवीत थोडी जागा मोकळी ठेवावी, हे त्यातच आले. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्य मिळविण्याच्या आशेने उत्तरेस गेले आणि त्या वर्षीच्या धामधुमीत सापडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. मिळविलेले द्रव्य वाटेत लुटले गेले, परंतु गंगोदकाची कावड त्यांनी खांद्यावरून घरी आईवडिलांपर्यंत आणली. एवढ्या दूरच्या आणि संकटाच्या प्रवासातही घरच्या माणसांसाठी काय न्यावयाचे, हे त्यांच्या मनात पक्के होते. आपल्या नातवंडांना एवढा लांबचा पल्ला नाही. सफाळ्याहून गाडीत बसताना त्यांच्या स्वतःच्या पाठीवर आजीने दिलेले पापड असावेत, वाडीतला एक नारळ असावा, आणि तो नारळ फुटू नये, पापड मोडू नयेत म्हणून पिशवी कशी भरावी, हे त्यांनीच ठरवावे.

संघाकडे आमची एक लहानशी मागणी आहे. एप्रिल महिन्याच्या परिपत्रकात इतर सूचनांबरोबर मुलांसाठी एक कोरी यादी छापावी. वरती मुलाचे नाव, खाली दहा रिकाम्या ओळी, आणि शेवटी ‘आजी-आजोबांसाठी’ अशी एक ओळ. खर्च काही नाही. सुटीत ज्या मुलांनी ती स्वतः भरली असेल, त्यांच्या याद्या येथल्या वाचनालयात एकत्र ठेवाव्यात. आम्ही त्या आनंदाने वाचू, आणि जुन्या सवयीप्रमाणे शुद्धलेखनही तपासू.

माताभगिनींना अखेरीस एवढेच सांगावयाचे आहे की, या मे महिन्यात निघण्याच्या आदल्या रात्री आपण दहा वाजता निजावे. मुलाच्या पिशवीत सदरा कमी आहे अशी शंका आली, तरी उठू नये. आणि यजमानांनी पहाटे उठून डबा भरावा.